जावेच्या मनगटावर सोनेरी पट्टी, आमच्या पायांत गोळे

प्रिय ताई,

आम्ही साताऱ्यात राहतो, धाकटे दीर पुण्यात. मे महिन्याच्या सुट्टीत दोन्ही घरं मिळून एका मोठ्या थीम पार्कला गेलो होतो. आम्ही चौघं, दीर-जाऊ आणि त्यांचा ११ वर्षांचा मुलगा, सासूबाई, आणि सुट्टीला आमच्याकडे आलेला नणंदेचा मुलगा, असे नऊजण. गेटवर पोहोचल्यावर कळलं की दिरांनी आदल्या रात्रीच मोबाइलवरून त्यांच्या तिघांचे एक्सप्रेस पास काढलेत. त्यांच्या मनगटावर सोनेरी पट्टी, आमच्या साध्या निळ्या. दिवसभर ते बाजूच्या दारानं सुळकन आत, आणि आम्ही उन्हात. एका राइडला तर दीड तास उभे होतो. माझी ९ वर्षांची मुलगी दमून रेलिंगखाली बसली होती, तेवढ्यात पुतण्या शेजारून पळत गेला आणि हात करून म्हणाला, "माझी तिसरी वेळ!" संध्याकाळी हिशेब झाला. त्याच्या १३ राइड, माझ्या मुलांच्या ४. परतताना गाडीत मुलगी रडली आणि १४ वर्षांचा मुलगा खंबाटकी उतरेपर्यंत कुणाशी बोलला नाही.

दुपारी चारला जाऊ म्हणाली, "वहिनी, आम्ही दमलो. आमच्या पट्ट्या आता तुम्ही घ्या." बाथरूममध्ये साबण लावून एक पट्टी काढली आणि मुलाच्या हातात चढवली. राइडच्या दारावरच्या मुलीनं ती ओढून बघितली आणि कात्रीनं कापूनच टाकली. सगळी रांग बघत होती. शेवटच्या राइडला ह्यांनी एकट्यानं नंबर लावला. मी तिन्ही मुलांना आइस्क्रीम खायला घातलं आणि मग रेलिंगखालून जाऊन ह्यांना गाठलं, तर मागचा माणूस म्हणाला, "ओ ताई, ही रांग हाय, एसटी न्हवं."

घरी आल्यावर जावेला फोनवर म्हटलं, हे काही बरं दिसलं नाही. ती म्हणाली, "तिरुपतीला आपण ३०० रुपयांचं दर्शन काढलं, तेव्हा बरं दिसलं होतं ना?" मला उत्तर सुचलं नाही. आता दिवाळीत बेंगळुरूच्या वंडरला पार्कला जायचं चाललंय. जाऊ म्हणते, "ह्या वेळी आईंना व्हीलचेअरवर बसवू, म्हणजे सगळ्यांचीच रांग टळेल." सासूबाईंचे गुडघे दुखतात, हे खरं आहे. या पासचे काही रीतीरिवाज असतात का? जावेला काय उत्तर देऊ? आणि मुळात जाऊ की नको?

– थोरली जाऊ, सातारा

प्रिय जाऊबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुमच्या बाजूनं आणि एकदा रेलिंगमागच्या त्या माणसाच्या बाजूनं. त्याचं बोलणं तुम्हाला लागलं. मला मात्र हसू आलं, आणि मग जरा ओशाळल्यासारखंही झालं. मी सहा-सात वर्षांची असताना सातारा स्टँडवर काकांनी मला उचलून मेढ्याच्या गाडीच्या खिडकीतून आत सोडलं होतं. हातात दोन रुमाल, एक टोपी आणि काकूंची पर्स. हुकूम असा की पाच जागा धर. मी आत पडले ती एका म्हातारीच्या पिशवीवर. पिशवीत टोमॅटो होते. मी उठले, टोपी एका बाकावर, रुमाल दुसऱ्यावर टाकले आणि उरलेल्या जागेवर आडवी झाले. ती बाई दारातून रीतसर चढली होती, पण मी तिला बसू दिलं नाही. ती मेढ्यापर्यंत दांड्याला धरून उभी होती आणि पिशवीतला एक-एक फुटका टोमॅटो काढून खिडकीबाहेर टाकत होती. काका घरी सगळ्यांना सांगत होते, पोरगी हुशार आहे.

तेव्हा तुमच्या बाजूनं बोलायच्या आधी तुमच्याच चुकीपासून सुरुवात करते. राग मानू नका.

यजमानांनी एकट्यानं नंबर लावायचा आणि मागून चौघांनी यायचं, हा रुमालच झाला. तुम्हाला वाटतं, आमचं माणूस तासभर उभं होतंच की. पण मागचा माणूस रांगेत शिरतो तेव्हा पुढची डोकी मोजतो आणि थांबायचं की नाही ते ठरवतो. त्यानं एक माणूस मोजला होता, निघाले पाच. अमेरिकेतल्या बऱ्याच पार्कांत यावर पाटीच असते. रांगेत घुसणाऱ्याला किंवा दुसऱ्यासाठी जागा धरणाऱ्याला पैसे परत न देता बाहेर काढू, असं त्यावर सरळ लिहिलेलं असतं. आपल्याकडे पाटी नसेल, पण मागे उभा राहणारा माणूस सगळीकडे सारखाच असतो.

याला एकच सूट मी मानते. लहान मूल आहे, त्याला मध्येच लघवीला लागली. एक मोठं माणूस त्याला घेऊन जातं आणि परत येतं. यात काही गैर नाही, पण जाण्याआधी मागच्या माणसाला सांगायचं, "आम्ही दोघं येतोच परत." सांगून गेलेल्याला लोक स्वतः वाट करून देतात. सगळे रांगेत असताना दोघं जाऊन परत येणं वेगळं, आणि एक रांगेत असताना बाकीचे आइस्क्रीम खाऊन येणं वेगळं. आइस्क्रीम खायला माझी हरकत नाही. ते राइडनंतर खायचं, किंवा सगळ्यांनी एकदम रांगेत शिरण्याआधी.

आता पट्टीचं. ती पट्टी म्हणजे वस्तू नव्हे, ते त्या माणसाचं तिकीट असतं. रेल्वेचं आरक्षण आपण दमलो म्हणून शेजाऱ्याच्या हातात देत नाही ना, तसंच. पार्कानं पास विकताना हिशेब केलेला असतो की हा माणूस सकाळी धावेल, दुपारी जेवेल, चार वाजता दमून बसेल. तुमचा मुलगा चार वाजता ताजातवाना येऊन त्याच पट्टीवर धावू लागला की एका पासावर दोन माणसांच्या फेऱ्या होतात. म्हणून ती पट्टी एकदा लावली की न फाडता निघू नये अशी बनवतात, आणि दारावरची पोरं ती बोटानं ओढून बघतात. सैल निघाली की कापायची, असं त्यांना शिकवलेलं असतं. काही ठिकाणी पासाबरोबर फोटो किंवा बोटाचा ठसा जोडतात, त्याचंही कारण हेच. तुमच्या जावेनं मन मोठं करून दिली, हे मला समजतं. पण जे दुसऱ्याला द्यायची सोयच नव्हती ते तिनं दिलं, आणि अपमान गिळावा लागला तुमच्या १४ वर्षांच्या मुलाला. त्या वयात चारचौघांत मनगट धरून पट्टी कापली जाणं म्हणजे काय, ते त्याला एकदा जवळ बसवून विचारा. चूक आमची होती, तुझी नव्हती, एवढं तरी त्याला सांगा. गाडीतला त्याचा अबोला चार राइडमुळे होता असं तुम्ही धरून चालला आहात. मला तशी खात्री वाटत नाही.

आता पासाकडे येते. रांग टाळायची ही सोय सुरुवातीला पैशाची नव्हतीच. डिस्नेनं १९९९ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कांत फास्टपास आणला, तेव्हा तो तिकिटातच असे, वेगळे पैसे पडत नसत. राइडपाशी यंत्रात तिकीट घालायचं, मग एक चिठ्ठी यायची: अमुक ते अमुक या तासाभरात परत या. तोवर बाकी पार्क हिंडा. म्हणजे उभं राहण्याऐवजी नुसती वेळ धरायची. तुम्हाला हे नवं नाही. कासला फुलांच्या हंगामात जाताना आपण ऑनलाइन बुकिंग करतो ते काय असतं? पठारावर एका दिवशी ठरावीकच माणसं सोडायची आणि प्रत्येकाला त्याची वेळ द्यायची. पुण्याचा असो की परळीचा, सगळ्यांना तोच दर आणि तीच पायवाट. याबद्दल साताऱ्यात कुणी जावेशी भांडल्याचं मी ऐकलेलं नाही.

पैसा नंतर शिरला. युनिव्हर्सलच्या पार्कांत एक्सप्रेस पास विकत मिळतो. सिंगापूरला त्याचे दोन प्रकार आहेत. साध्या पासावर प्रत्येक राइडला एकदाच जाता येतं, महागड्यावर कितीही वेळा. डिस्नेनंही २०२१ मध्ये फुकटचा फास्टपास कायमचा बंद करून पैशाची पद्धत आणली, आणि २०२४ मध्ये तिचं नाव बदलून लाइटनिंग लेन केलं. गर्दी जास्त तशी किंमत जास्त. दिवाळी-नाताळच्या दिवसांत पास तिकिटाच्या बरोबरीनं महाग होऊ शकतो. तुमच्या पुतण्याची तिसरी वेळ ज्या अर्थी झाली, त्या अर्थी दिरांनी महागडाच घेतलेला दिसतो.

यात कुणाचा वेळ कुणाला जातो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. समजा, एका राइडमध्ये २४ जणांची बैठक आहे आणि ती दर ३ मिनिटांनी सुटते. तासाला झाले ४८० जण. तुमच्या पुढे ४०० लोक आहेत, तर ५० मिनिटांत तुमचा नंबर यायला हवा. आता दर फेरीत ८ जागा पासवाल्यांना दिल्या. साध्या रांगेला उरल्या १६, म्हणजे तासाला ३२०. तेच ४०० लोक संपायला ७५ मिनिटं लागतात. वरची २५ मिनिटं कुठं गेली? राइड तर तेवढ्याच वेगानं चालू होती. ती मिनिटं तुमच्या खिशातून काढून पार्कानं बाजूच्या दारावर विकली. दोन रांगा जिथं एक होतात तिथं एक पोरगा उभा असतो. एवढे इकडचे सोड, एवढे तिकडचे सोड, असं त्याला वरून सांगितलेलं असतं. लोक त्याच्यावरच खेकसतात. त्याच्या हातात आकडा असतो, धोरण नसतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या डोक्यावर सावलीही नसते.

म्हणून पहिली रीत साध्या रांगेतल्यांसाठी: पासवाल्याला टोमणे मारायचे नाहीत. त्यानं चोरी केलेली नाही, जे विकायला ठेवलं होतं ते घेतलं. राग आलाच तर पार्कवाल्यांना लिहा, पास कमी विका म्हणून. आणि पासवाल्यांसाठी रीत याच्या दुप्पट कडक हवी, कारण त्यांची सोय दुसऱ्याच्या उन्हात उभी असते. पट्टी आधीच पुढं करायची, दारावर पिशव्या चाचपत थांबायचं नाही. पास नसलेला आपला माणूस बरोबर घुसवायचा नाही. पुढच्या ओळीत बसायचा हट्ट धरायचा नाही, कारण पास दाराचा असतो, खुर्चीचा नाही. उंचीची अट पासवाल्यालाही लागू असते. पाऊस आला किंवा राइड बंद पडली, तर पासवाल्यालाही घरीच जावं लागतं आणि पैसे बहुधा परत मिळत नाहीत. आणि रांगेतल्या ओळखीच्या माणसाला हात करून "माझी तिसरी वेळ" असं ओरडायचं नाही. पुतण्या ११ वर्षांचा आहे, त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकवायचं काम त्याच्या आईबापांचं होतं.

इथपर्यंत जाऊ एका बाजूला, तुम्ही एका बाजूला, असं झालं. खरी गोष्ट यापुढे आहे.

तुम्ही विचारता, तिरुपतीच्या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं. तिचं म्हणणं खोडता येत नाही. तिथं तुम्ही ३०० रुपये देऊन वेगळ्या रांगेनं गेलात आणि फुकट दर्शनाच्या रांगेतले लोक ताटकळत राहिले. ते तुम्हाला टोचलं नाही, कारण त्या रांगेत तुमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. पण तुमच्याच पत्रातला एक शब्द बघा. जाऊ म्हणाली, "आपण" काढलं. तिरुपतीला सगळ्यांचं काढलं होतं. दिरांनी तिघांचं काढून बाकीच्यांना, "तुम्ही या मागून सावकाश," असं म्हटलं नव्हतं. जावेला उत्तर द्यायचंच असेल तर हे द्या, आणि शांतपणे द्या: पास काढल्याचं काही नाही, गेटवर कळलं त्याचं वाईट वाटलं.

पास काढायला तुमची परवानगी लागत नव्हती. त्यांचे पैसे, त्यांचा मुलगा, पुण्याहून धावपळ करून काढलेला त्यांचा एक दिवस. त्यांनी तुमचे पास काढायला हवे होते असंही मी म्हणणार नाही. तशी अपेक्षा ठेवली की पुढच्या सणाला ओवाळणीचाही हिशेब सुरू होतो. पण आदल्या रात्री एक फोन त्यांनी नक्की करायला हवा होता. "आम्ही पास घेतोय, तुम्हाला घ्यायचेत का?" एवढाच. मग तुम्ही हो म्हणाला असता, नाही म्हणाला असता, किंवा मुलांचेच घेऊ म्हणाला असता. तुमची ठरवायची संधी गेली, पैशाच्या फरकापेक्षा ती जास्त बोचते. नऊ माणसं एका डब्यातल्या पोळ्या खात एका गाडीतून जातात आणि गेटवर पोरांच्या मनगटांवर दोन रंग लागतात. मोठ्यांना ते सोसतं. नऊ वर्षांची मुलगी रंग बघते.

माझं मत विचाराल तर एकत्र सहलीला एकच नियम ठेवा: पोरांचा रंग एक. सगळ्या मुलांना पास, नाहीतर कुणालाच नाही. मोठ्यांनी हवं ते करावं. मुलांचे पास काढले आणि मोठे साध्या रांगेत राहिले तर उत्तम, कारण बऱ्याच मोठ्यांना दुसऱ्या वळणावर डोळे मिटून "झालं का, झालं का" म्हणायचं असतं. मात्र पासाच्या रांगेत मुलांबरोबर एक पासवालं मोठं माणूस लागेल, ते आधी ठरवा. पैसे कोण देणार, तेही आधी ठरवा. ज्याला जमतं त्यानं जास्त द्यावेत आणि परत त्याचा उल्लेख करू नये. ज्याला जमत नाही त्यानं "आमचं बजेट एवढंच आहे" असं मोकळेपणानं सांगावं. साताऱ्यात हे वाक्य जड जातं, मला माहीत आहे. आपण हलवायाकडे कंदी पेढ्याचा भाव विचारतानाही आधी इकडं-तिकडं बघतो.

व्हीलचेअरच्या कल्पनेला मात्र माझा साफ नकार आहे. म्हणजे खुर्चीला नाही. सासूबाईंचे गुडघे खरंच दुखत असतील तर खुर्ची जरूर घ्या. बहुतेक मोठ्या पार्कांत ती मिळते, आधी फोन करून विचारून ठेवा. दिवसभर चालण्यापेक्षा त्यांना ते बरं पडेल. पण जाऊ म्हणते ते वेगळं आहे: खुर्चीत एक आणि खुर्चीमागे आठ. सासूबाई त्या उलट्या-सुलट्या राइडमध्ये बसणार आहेत का? नसतील, तर मग रांग कुणाची टाळताय? डिस्नेत हेच झालं होतं. अपंग पाहुण्यांना रांगेत न ठेवण्याची तिथं सवलत होती. तेव्हा पैसेवाले लोक अपंग माणसांना भाड्यानं बरोबर घेऊन पुढं जातात, अशा बातम्या २०१३ मध्ये आल्या. त्याच वर्षी ती सवलत बदलली. नव्या पद्धतीत थेट प्रवेश नाही, साध्या रांगेला जेवढा वेळ असेल तेवढ्या वेळानंतर परत यायचं. पुढे २०२४ मध्ये ती आणखी आवळली. लबाडी केली मूठभरांनी आणि कागद घेऊन खिडकीवर समजावत बसायची वेळ आली ज्यांच्या मुलांना खरंच रांग सोसत नाही अशा आईबापांवर. तुमची एक खुर्ची एवढं मोठं काही बिघडवणार नाही, असं वाटेल. माझ्या एका टोपीनंही एसटी बिघडली नव्हती. टोमॅटो मात्र फुटले.

आणि सासूबाईंना हे विचारलंय का कुणी? आपल्या गुडघ्यांवर आठजण पुढं घुसणार आहेत हे त्यांना चालेल?

आता दिवाळीचं. जा, जरूर जा. महामार्ग तोच, आपल्या दारावरून सरळ बेंगळुरूला जाणारा. पार्क मात्र शहराच्या पलीकडं म्हैसूर रस्त्याला आहे, तेव्हा शहर ओलांडायचा वेळ धरा. शक्यतो मुक्काम त्या बाजूलाच करा. वंडरलात फास्टट्रॅक नावाचं वेगळं तिकीट मिळतं, त्याची रांगही वेगळी असते. काढण्याआधी त्यात कुठल्या राइड येतात आणि किती वेळा बसता येतं, ते स्वतः वाचा, दिरांच्या सांगण्यावर जाऊ नका. पोरांना ज्या दोन-तीन राइड हव्यात त्याच त्यात नसतील तर पैसे फुकट. दिवाळीची गर्दी लक्षात घेता मुलांसाठी पास घेणं मला तरी वावगं वाटत नाही. आडवारी, सुट्टी नसताना गेलात तर पासाची गरजच पडत नाही. पण डिसेंबर-जानेवारीतला आडवार म्हणाल तर फसाल. तेव्हा शाळांच्या सहली असतात आणि गेटवर बसच्या रांगा लागतात.

पास न काढताही बराच वेळ वाचतो, हे लोक विसरतात. गेट उघडायच्या आधी पोहोचा. पहिल्या तासात सगळी गर्दी गेटजवळच्या पहिल्या राइडवर तुटून पडते. तुम्ही सरळ मागच्या टोकाला जा आणि तिथून उलटे या. लोक दीड वाजता जेवतात, तुम्ही बारालाच जेवून घ्या, दीडला राइड मोकळ्या मिळतात. बंद व्हायच्या आधीचा शेवटचा तास सोडू नका. काही पार्कांत एकट्यानं बसणाऱ्यांची वेगळी छोटी रांग असते. एखाद्या बाकावर एक जागा रिकामी राहिली की तिथं एकटा माणूस सोडतात. तुमच्या १४ वर्षांच्या मुलाला ती सोय असेल तर फार आवडेल, आईबापांशिवाय बसायला मिळतं. आणि मुलगी उंचीत बसत नसेल तर दारावर विचारा. परदेशी पार्कांत आईबापांपैकी एकजण आधी बसतो, दुसरा मुलाला घेऊन बाहेर थांबतो आणि मग रांग न लावता त्याला सोडतात. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. आपल्याकडे ही सोय असेलच असं नाही, पण विचारायला काही पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट राहिली, आणि ती तुम्हाला बहुधा आवडणार नाही. तुमच्या पत्रात पुतण्याच्या राइड मोजल्या आहेत, मुलांच्या मोजल्या आहेत. नणंदेच्या मुलाच्या किती झाल्या? गेटवरच्या हिशेबात तो नऊजणांतला एक आहे, रेलिंगखालून गेलेल्या तीन मुलांतला एक आहे, आणि बाकी कुठंच नाही. तो रडला की नाही, बोलला की नाही, काही लिहिलेलं नाही. त्याचे आईबाप बरोबर नव्हते, म्हणजे त्याचा रंग कुठला असावा हे ठरवायला दिवसभर कुणीच नव्हतं. तुमच्या निळ्या पट्टीत निदान आई तरी होती.

तेव्हा जावेला फोन तुम्हीच करा, दिवाळीची वाट बघू नका. मोठ्या आहात म्हणून नाही. गेल्या खेपेला फोन न करण्याचा त्रास काय असतो, ते तुम्हालाच ठाऊक आहे म्हणून. आधी पट्टी घेतल्याबद्दल आणि रुमालाबद्दल तुमचं म्हणणं सांगा, मग तिचं ऐका, मग बेंगळुरूचं ठरवा. आणि भाचा येणार असेल तर त्याचा पास कोण काढणार, ते त्याच फोनवर नक्की करा. नणंदेला आधी विचारून.

– तुमची ताई